कन्नड–सोयगावचे डोंगर तीन दिवसांत: माथ्यावरून पाहायचे की पायथ्यावरून?

परभणीकर

नमस्कार मंडळी. पितृपंधरवड्यात तीन दिवस मोकळे आहेत, शुक्रवार ते रविवार. सहा जण आहोत: आई (वय ६४, गुडघे दुखतात पण सपाटीवर तासभर सहज चालते), दोन मुलं (९ आणि १३) आणि आम्ही तिघं. सात सीटची साधी गाडी आहे, फोर बाय फोर नाही. शुक्रवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरहून निघायचं, रविवारी रात्री तिथंच परत. मनात आहे ते असं: गौताळा अभयारण्य, पितळखोऱ्याची लेणी, अंतूर आणि वेताळवाडीचे किल्ले, अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट आणि जमलं तर म्हैसमाळ. क्रम कसा लावावा, मुक्काम कुठे करावा, गाडी कुठपर्यंत जाते आणि तेव्हा धबधब्यांना पाणी असतं का, एवढं सांगा.

घाटमाथा

दादा, यादी चांगली आहे. पण क्रम लावण्याआधी या डोंगराची ठेवण लक्षात घ्या, नाहीतर तिन्ही दिवस गाडीतच जातील.

सातमाळा-अजिंठ्याची ही रांग एखाद्या भिंतीसारखी आहे. दक्षिणेकडून, म्हणजे कन्नड-सिल्लोडच्या बाजूने गेलं की डोंगर आल्याचं कळतच नाही. मका-कापसातून सपाट जाता जाता एकदम कडा लागतो आणि खाली खानदेश दिसतो. उत्तरेकडून आलं तर तीच भिंत अंगावर येते. म्हणून एकाच किल्ल्याला माथ्यावरून वीस-पंचवीस मिनिटांची चाल पडते आणि पायथ्यावरून घाम काढणारी चढण. मोबाईलचा नकाशा कड्याच्या टोकावरचा बिंदू दाखवतो आणि कित्येकदा खालच्या गावाची वाट धरायला लावतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणासाठी वरचं गाव कोणतं आणि खालचं कोणतं, ते आधी कागदावर लिहून घ्या.

अंतूरला वरचं गाव नागापूर. वेताळवाडीला वर हळदा, खाली वेताळवाडी. पितळखोऱ्याला वरून आंबाळ्याकडून, खालून पाटणादेवीकडून. आपला जिल्हा माथ्यावर संपत नाही, हेही ध्यानात ठेवा. नागद, बनोटी, सोयगाव ही गावं कड्याच्या खाली आहेत आणि तरी मराठवाड्यातच आहेत. कन्नडहून गौताळ्यातून नागदला उतरायचं, तिथून पायथ्याने बनोटी, सोयगाव, फर्दापूर करत अजिंठा घाटाने पुन्हा वर यायचं. हा फेरा धरलात तर डोंगर दोन्ही अंगांनी पाहून होतो आणि एकाच रस्त्याने परत यावं लागत नाही.

पाण्याचं असं आहे की कड्यावरून पडणाऱ्या ओढ्यांचं पाणलोट लहान आणि माती पातळ. खाली काळा पाषाण, पाणी धरून ठेवायला काही नाही. पाऊस झाला की तासाभरात धबधबा सुरू होतो, पाऊस उघडला की आठवड्यात धार बारीक होते. पितृपंधरवड्यात परतीचा पाऊस असतो. दुपारनंतर ढग भरतात, तास-दीड तास झोडपून जातात. म्हणून धबधब्यावर सहल ठरवू नका. हिरवळ आणि रानफुलं मात्र नक्की मिळतील, त्याच काळात सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, तेरडा आणि सोनकी भरात असते.

लेणीवेडी

पितळखोऱ्याबद्दल मी सांगते, कारण तिथं लोक अर्ध्या तासात फोटो काढून निघतात आणि जे पाहायचं तेच राहून जातं.

गाडी वरपर्यंत जाते. तिथून पायऱ्यांनी दरीत उतरायचं. उतरायला पंधरा मिनिटं, चढून यायला आईंना पाऊण तास धरा. पायऱ्या बांधीव आहेत, पण पावसाळ्यात शेवाळ धरतात. उतरताना पाय आडवा टाकायचा, टाच आधी नाही. खाली ओढ्यावर पूल आहे. ओढ्याला लाल पाणी आलेलं दिसलं तर पात्रात कुणीही उतरायचं नाही. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या सड्यावर पाऊस चालू असतो, आणि अरुंद दरीत पाणी बघता बघता चढतं.

ही लेणी इसवी सनापूर्वीच्या काळातली, अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. तिसरं लेणं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, आहे. त्याचे अष्टकोनी खांब किंचित आत कललेले आहेत आणि काहींवर रंगवलेल्या आकृत्या अजून दिसतात. त्यावर बॅटरीचा प्रखर झोत मारू नका. उजेड बाजूने तिरपा धरला की रेषा जास्त स्पष्ट दिसतात. खांबांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यातला एक मित्रदेव, प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सुगंधी द्रव्यांचा धंदा करणाऱ्या घरातला. पैठणच्या व्यापाऱ्याने एवढ्या आडरानातल्या लेण्याला खांब का दिला, हे मुलांना तिथंच उभं राहून विचारा. पैठणहून खानदेशाकडे जाणाऱ्या व्यापाराला ही भिंत ओलांडावीच लागे, आणि लेणी आहेत ती त्या वाटांच्या आसपास.

चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, दाराशी द्वारपाल आहेत. तिथल्या जिन्याशेजारी पाच फण्यांचा नाग कोरलाय, तो नीट निरखा. त्याच्या फण्यांना आरपार भोकं आहेत. वरून आणलेलं पाणी त्या भोकांतून बाहेर पडावं अशी योजना आहे. दगडाच्या आतून पाण्याची वाट काढलीय, दोन हजार वर्षांपूर्वी!

पुढचा भाग बराच कोसळलेला आहे. कारण दगडातच आहे: कठीण थराखाली मऊ, भुसभुशीत थर येतो, पाणी झिरपून तो खातो आणि वरचा थर आधार सुटून पडतो. म्हणून भर पावसात किंवा पावसानंतर लगेच कड्याला टेकून जेवायला बसू नये.

भटक्या_जालना

एवढं तुकड्या-तुकड्यात कशाला? सकाळी सहाला संभाजीनगर सोडलं तर पितळखोरा, अंतूर, वेताळवाडी एका दिवसात होतं. अंतरं काही फार नाहीत.

घाटमाथा

भाऊ, किलोमीटर कमी आहेत, पण वेळ किलोमीटरवर जात नाही. हिशोब मांडतो.

संभाजीनगर ते कन्नड साधारण ६० किमी. करोडी ते तेलवाडी हा चौपदरी रस्ता झाल्यापासून दौलताबादच्या दरवाजात आणि वेरूळच्या गर्दीत अडकावं लागत नाही, सव्वा तासात पोचता. इथपर्यंत तुमचं बरोबर. पुढे पितळखोरा: जाणं-येणं दीड तास, पाहणं दोन तास. अकरा-साडेअकरा तिथंच वाजले. नागापूर गाठायला आणखी दीड तास. नागापूरहून अंतूरपर्यंत सहा-एक किमी कच्चा रस्ता, आणि या दिवसांत काळ्या मातीवर पाऊस पडलेला असला की साधी गाडी त्यावर घालायचीच नाही. चिखल चाकात भरतो, चाक गुळगुळीत होतं आणि गाडी जागच्या जागी फिरते. मग चालत जायचं, म्हणजे नुसत्या जाण्या-येण्याला तीन-साडेतीन तास. किल्ला पाहायचा कधी? वेताळवाडीला अंधारात पोचाल.

भटक्या_जालना

पटलं. माझ्या डोक्यात उन्हाळ्यातला कोरडा रस्ता होता, चिखलाचा विचार केला नव्हता.

नागदकर

गौताळ्याबद्दल लिहितो.

औट्रमघाट गौताळा अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र २६० चौरस किमीच्या आसपास, बहुतेक भाग आपल्याकडे आणि थोडा जळगाव जिल्ह्यात. कन्नडहून नागदला जाणारा रस्ता त्यातूनच जातो. वन खात्याच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क होतं, ओळखपत्र जवळ ठेवा. ऊन चढायच्या आत शिरलात तर नीलगाय, मोर, कधी चिंकारा दिसतो. दहानंतर फक्त झाडं. झाडंही पाहण्यासारखी आहेत. पांढरट, कागदासारखी साल सुटणारी सालई, अंजन, धावडा, सागाला या दिवसांत आलेला तुरा. बिबट्या आहे, अस्वल आहे. मार्च २०२१ मध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ इथं कॅमेऱ्यात दिसला होता. म्हणून ठरलेल्या ठिकाणाशिवाय गाडीतून उतरायचं नाही. मुलांना झुडपाआड एकटं पाठवायचं नाही.

गौताळा तलाव रस्त्याला लागूनच आहे, आईंना अगदी सोयीचा. सीतान्हाणीला थोडं चालावं लागतं. रस्ता अरुंद, वळणावर हॉर्न द्या, पण जंगलात उगाच वाजवत जाऊ नका. आणि कृपा करून माकडांना बिस्किटं घालू नका. गाडी थांबली की ती रस्त्यावर येतात, आणि मागून येणाऱ्या गाडीखाली सापडतात.

औट्रम घाटाचं वेगळं सांगतो. तो चाळीसगावकडे जाणारा महामार्गाचा घाट. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी एका रात्रीच्या पावसात तिथं दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला होता. पावसाच्या रात्री त्या घाटात जाऊ नये. तुम्हाला तशीही गरज नाही, नागदचा रस्ता पुरे. मात्र तोसुद्धा सूर्य मावळायच्या आत पार करा.

खाली उतरल्यावर बनोटीजवळ नायगावहून सुतोंडा किल्ल्याची वाट आहे. किल्ल्यावर पाण्याची टाकी इतकी आहेत की मोजता मोजता संध्याकाळ होईल. डोंगराची सोंड तोडून खंदक केलाय आणि त्याच कातळात दरवाजा कोरलाय. पण पायथ्याची चढण आहे आणि सप्टेंबरमध्ये गवत कमरेपर्यंत, तेव्हा आई आणि लहान मूल सोबत असताना नको. हिवाळ्यासाठी राखून ठेवा.

परभणीकर

सगळ्यांचे आभार. म्हणजे अंतूर गाळायचा का? मोठ्या मुलाने किल्ल्यांचं फार मनावर घेतलंय, एक तरी नीट दाखवायचाय.

घाटमाथा

पाऊस असला तर अंतूर गाळा, वेताळवाडी ठेवा. अंतूर मोठा आहे. डोंगरापासून तोडून काढलेला खंदक, एकामागे एक वळणं घेत जाणारे दरवाजे, वर तलाव. निजामशाही काळातला एक मैलाचा दगडही आहे, त्यावर फारसी अक्षरांत चार दिशांची ठिकाणं कोरलीत. त्याला पूर्ण दिवस द्यायला हवा. डिसेंबरात या, रस्ता कोरडा असतो आणि कड्यावरून खालचा मुलूख स्वच्छ दिसतो.

वेताळवाडीसाठी हळद्याच्या घाटातून चला. सिल्लोडकडून गोळेगाव, उंडणगाव, हळदा असा रस्ता. तुम्ही सोयगावकडून येणार असाल तर वेताळवाडी गावातून घाट चढायचा. खिंडीजवळ रस्ता किल्ल्याच्या अगदी बगलेतून जातो, तटबंदी गाडीतूनच दिसते. गाडी वळणावर उभी करू नका, वळण सोडून पन्नास पावलं पुढे रुंद जागा बघा. तिथून पाऊलवाटेने वीस-पंचवीस मिनिटांत हळद्याच्या बाजूचा दरवाजा. वाटेत घसारा आहे, म्हणजे बारीक खडी मोकळी असते. चढताना काही वाटत नाही, उतरताना पाय निसटतो. प्रत्येकी एक काठी घ्या.

आत बुरुज, धान्याचं कोठार, पडके वाडे बघत उत्तरेच्या टोकाला जा. तिथं दोन कमानींची इमारत उभी आहे आणि कमानीतून खाली वेताळवाडीचं धरण, पलीकडे सोयगावची शेतं. मग वेताळवाडीच्या बाजूचा मोठा दरवाजा पाहायला खाली उतरा. दोन्ही अंगांना शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक पशू, कोरलेत. मुलाला त्या दरवाजाची रचना दाखवा: समोरून सरळ येताच येत नाही, बुरुजाला वळसा घालूनच यावं लागतं आणि त्या वळशात वरून मारा होतो. एकूण तीन तास लागतात. आल्या वाटेनेच परत या. दुसऱ्या बाजूने उतरलात तर गाडी वर आणि तुम्ही खाली.

सेवा_ताई

मी ग्रामीण आरोग्यात काम करते. या डोंगरात जे धोके खरोखर होतात, तेवढेच लिहिते.

पहिला आग्यामोहोळाचा. लेण्यांच्या कपाळपट्टीला, किल्ल्यांच्या कमानींना मोठी पोळी लोंबतात. अत्तर, सुगंधी तेल, विडी-सिगारेट, शेकोटी, मोठा आवाज, ड्रोन, यातलं काहीही त्यांना उठवतं. पोळं दिसलं की मुकाट्याने मागं फिरा. उठलीच तर हात झाडू नका. तोंड-डोकं ओढणीने किंवा उपरण्याने झाका आणि न थांबता लांब चला, लहान मुलाला पोटाशी धरून. नंतर काटा नखाच्या कडेने खरवडून काढा, चिमटीत धरून दाबला तर उरलेलं विष आत जातं. ओठ-जीभ सुजली, श्वासाला त्रास झाला किंवा पुष्कळ डंख असले तर वाट पाहू नका, १०८ लावा.

दुसरा सापाचा. फुरसं दगडाखाली असतं, गवतात घोणस. बुटाशिवाय चालू नका, पडक्या भिंतीच्या फटीत हात घालू नका, बसण्याआधी काठीने दगड ठोका. दंश झालाच तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी-कडं काढा, हातापायाला फळी लावून हालचाल थांबवा आणि थेट दवाखान्यात न्या. कन्नडला आणि सोयगावला ग्रामीण रुग्णालय आहे. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका, औषध लक्षणं पाहून देतात.

तिसरा विजेचा, आणि तुम्ही येताय तो काळ त्याचाच. मोबाईलवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप घाला. दुपारी दोनच्या आत माथा सोडायचा, हा नियमच करा. ढग गडगडायला लागले की बुरुज, एकटं झाड, झेंड्याचा खांब यांपासून लांब. गाडी जवळ असेल तर काचा लावून गाडीत बसा.

पाणी माणशी तीन लिटर, मुलांना दोन. किल्ल्यावरच्या टाक्यांचं पाणी हिरवंगार आणि थंड दिसतं, पण उकळल्याशिवाय प्यायचं नाही. ओआरएसची चार पाकिटं जवळ असू द्या. आईंच्या गुडघ्याला पट्टा उतरताना बांधायला सांगा, चढताना नाही बांधला तरी चालेल. त्रास उतारावर होतो.

परभणीकर

ताई, फार मोलाचं लिहिलंत. आता असं ठरवतोय: शुक्रवारी कन्नड-पितळखोरा, मुक्काम कन्नड. शनिवारी पहाटे गौताळा, नागद, बनोटी, सोयगाव, मुक्काम फर्दापूर. रविवारी वेताळवाडी, मग अजिंठा व्ह्यू पॉइंट, परत. ठीक आहे का? आणि जेवणाचं?

लेणीवेडी

ठीक आहे, फक्त एक बदल सुचवते. वेताळवाडी शनिवारी सोयगावला पोचल्यावर करायच्या फंदात पडू नका, तुम्ही रविवारी सकाळी ठेवलीत ते बरोबर आहे. पण फर्दापूरहून पहाटे साडेपाचला निघा. सातला वाटेवर, दहाला गाडीत. आईंना तीन तास गाडीत बसवून ठेवण्यापेक्षा एक मोठं माणूस त्यांच्यासोबत फर्दापूरला थांबू द्या. तुम्ही परत आलात की सगळे मिळून अजिंठ्याला.

व्ह्यू पॉइंटला गाडी वरून जाते, लेणापूरच्या बाजूने. तिथून वाघोरा नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण आणि त्यावरची लेण्यांची ओळ एका नजरेत येते. १८१९ साली इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली ती समोरच्या अशाच उंचीवरून. आईंना हे पुरेल आणि आवडेल. लेणी आतून पाहायची असतील तर फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून तिथल्या बसने चार किमी आत जावं लागतं. वर पायऱ्या आहेत, डोली मिळते, भाव आधी ठरवा. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. तुमचे वार सुटले. लेणी आणि व्ह्यू पॉइंट दोन्ही एका दुपारी दमवणारं होईल. एकच निवडा. म्हैसमाळ या वेळी सोडाच. ते वेरूळ-खुलताबादच्या बाजूला आहे, संभाजीनगरहून कधीही अर्ध्या दिवसात होतं.

नागदकर

जेवणाचं कन्नड आणि फर्दापूर सोडून कुठेही गृहीत धरू नका. शनिवारी नागद-बनोटी पट्ट्यात चहा-भजी मिळेल, जेवण मिळेलच असं नाही. कन्नडहून सकाळीच ज्वारीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. दही नको, उन्हात आंबतं. गावात कुणाच्या घरी सांगून जेवण करायचं असेल तर आदल्या दिवशी निरोप द्या आणि पैसे न विचारता द्या. हा मका-कापसाचा हंगाम आहे, बायामाणसं पहाटेपासून रानात असतात.

डिझेल कन्नडला भरा. गौताळ्यात आणि हळद्याच्या घाटात फोनला रेंज राहत नाही, नकाशा आधी उतरवून घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा की कोणत्या वेळी कुठं असाल.

आणखी एक, महत्त्वाचं. या दिवसांत मका डोक्याएवढा असतो, पाऊलवाटा त्यात हरवतात. तरी शेतातून वाट पाडू नका. पीक तर मोडतंच, पण रानडुकरांसाठी काही ठिकाणी रात्री तारेत वीज सोडलेली असते. बेकायदा आहे, माणसं मेलीत त्यात. अंधार पडल्यावर बांधावरच्या तारेला हात लावायचा नाही, मुलांना हे आधी बजावून सांगा. वाट चुकली तर बांधावर उभं राहून हाक मारा. रानात कुणी ना कुणी असतंच, आणि इथला माणूस नुसता हात करून दिशा दाखवत नाही, वाटेला लावून देतो.

परभणीकर

नोंद केली. शुक्रवारी पितळखोऱ्याला ओढ्याला पाणी असलं तर काय पर्याय?

लेणीवेडी

पूल ओलांडता येत असेल आणि पाणी गढूळ नसेल तर जा. नसेल तर वरूनच दरी पाहा आणि कन्नडजवळच्या पेडका किल्ल्याला जा. पायथ्याशी तलाव आहे, आई तिथं निवांत बसतील, बाकीचे तासाभरात थोडं वर जाऊन येतील. पाणी ओसरलं तर शनिवारी पहाटे आधी पितळखोरा करा आणि गौताळ्यात दुपारी शिरा. प्राणी दिसणार नाहीत, पण दिवस वाया जाणार नाही. त्या दिवशी मात्र बनोटीला थांबायचं नाही, सरळ फर्दापूर.